पट्टी आणि फट: सर्फबोर्डच्या तळाची गोष्ट

(दृश्य: स्टँडवर उलटा ठेवलेला सहा फुटी शॉर्टबोर्ड)

स्टीलची सरळ पट्टी बोर्डाच्या मधोमध आडवी धरली आहे. दोन्ही टोकं कडांवर, म्हणजे रेलवर टेकली आहेत, आणि मधे उजेडाची बारीक फट दिसते. मापली तर पाच मिलिमीटर. हा सिंगल कॉन्केव्ह, म्हणजे तळातला एकच खोलगट भाग. पट्टी मागे सरकवत नेली की फिन्सच्या, म्हणजे तळाला मागे लावलेल्या परांच्या, आसपास एका फटीच्या दोन होतात आणि मधे पट्टी स्ट्रिंगरला, म्हणजे बोर्डाच्या कण्यातल्या लाकडी पट्टीला, जवळजवळ शिवते. हा डबल कॉन्केव्ह. अगदी टेलजवळ, म्हणजे मागच्या टोकाजवळ, पट्टी मधेच टेकते आणि दोन्ही बाजूंना डुगडुगते. तो व्ही, म्हणजे मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता तळ.

आता पट्टी उभी, नोजपासून (पुढच्या टोकापासून) टेलपर्यंत धरू. या दिशेचा बाक म्हणजे रॉकर. अशा बोर्डाला नोजकडे साधारण पाच इंच आणि टेलकडे अडीच इंच उचल असते. कॉन्केव्हचं खरं काम कळतं ते इथे. मधल्या भागातून पाच मिलिमीटर फोम काढला, पण नोज आणि टेलकडे काहीच काढलं नाही, की मधली रेघ सपाट होते. कडेची रेघ मात्र वाकडीच राहते. सरळ जाताना पाण्याला सपाट रेघ भेटते, म्हणून वेग. बोर्ड कडेवर कलला की वाकडी रेघ पाण्यात जाते, म्हणून वळण. एकाच बोर्डाला दोन रॉकर!

कॉन्केव्ह पाणी नळीसारखं कोंडून वेग वाढवतो, असं बरेचदा सांगितलं जातं. पण नळीला चारही बाजूंनी भिंती लागतात, इथे खालची बाजू उघडी आहे. कॉन्केव्ह फार तर कडांकडे निसटणारं पाणी थोडं अडवतो, आणि त्यामुळे बोर्डाला वर उचलणारा दाब वाढतो.

(दृश्य: पॅडलिंग करणारा सर्फर, बाजूने)

पॅडलिंगमध्ये, म्हणजे बोर्डावर पालथं झोपून हातांनी वल्हवताना, मात्र गणित वेगळं. इथे बोर्ड पाण्यावर सरकत नाही, पाणी बाजूला सारत जातो, होडीसारखा. होडीच्या या चालीला लांबीची मर्यादा असते: पाण्यातल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. सहा फुटांना ताशी सुमारे ६ किलोमीटर, नऊ फुटांना साडेसात. हातांनी वल्हवताना आपण याच टप्प्यात असतो. म्हणून पॅडलिंग जड वाटलं की कॉन्केव्हला दोष देण्याआधी लांबी, घनफळ आणि नोजचा रॉकर पाहावा. त्याही आधी झोपण्याची जागा पाहावी. छाती फार मागे असेल तर नोज आकाशाकडे जातं आणि टेल पाण्यात रुतून ब्रेक लावते. फार पुढे असेल तर नोज बुडतं. नोजचं टोक पाण्यापासून चार-पाच सेंटिमीटर वर राहिलं की बरं.

लाट उभी राहू लागली, बोर्ड उतरणीला लागला, की चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जातो तशी अवस्था येते. तळाचा आकार बोलू लागतो तो इथून. व्ही कमी उचलतो, पण एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झटकन कलतो. पोटासारखा फुगीर तळ खवळलेल्या पाण्यातून मऊपणे जातो, वेग मात्र बेताचा. खोल कॉन्केव्ह गुळगुळीत लाटेवर मजा देतो, पण वाऱ्याने खरबरीत झालेल्या पाण्यावर थरथरतो. मोठ्या लाटेवर तर त्याची उचल नकोशी होते, कारण वेगात कड पाण्यात बसतच नाही.

मोठ्या लाटेवर पकड कशी टिकवायची, हा प्रश्न जुना आहे. १९३७ मध्ये हवाईत जॉन केली आणि त्याचे मित्र रुंद, सपाट, बिनफिनच्या फळ्या वापरत. तीव्र लाटेवर त्यांची टेल घसरायची. त्यांनी टेल अरुंद केली आणि तळाला व्ही दिला, आणि फळी लाटेला धरून राहिली. १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॉब मॅकटॅव्हिशने व्ही खूप खोल नेला, पण टेल रुंद ठेवली. छोट्या लाटेवर तो बोर्ड भन्नाट वळे. हवाईत सनसेट किनाऱ्याच्या मोठ्या लाटांवर मागचा भाग सुटायचा. व्ही दोन्हीकडे, टेलची रुंदी वेगळी.

(दृश्य: फोम, सँडिंग, राळ)

घडवताना बिघडतं ते बहुतेक फोमवर राळेने काचकापड चिकटवायच्या टप्प्यावर. उलटा बोर्ड म्हणजे उथळ ताटली. राळ ओतली की तिथेच साचते आणि पाचाचे चार मिलिमीटर होतात. चॅनेलच्या, म्हणजे तळात कोरलेल्या लांब खाचेच्या, धारदार कोपऱ्यात कापड खाली न बसता पुलासारखं ताणलं जातं, खाली हवा राहते. मग तिथून तडा आणि पाणी. कोपरा आतून थोडा गोल ठेवावा आणि राळ ओढायच्या पट्टीने कापड दाबत न्यावं. डबल कॉन्केव्हमध्ये फिनचा बॉक्स (फिन बसवायची खोबण) उतारावर येतो. तो पृष्ठभागाशी सपाट बसला नाही तर फिनच्या बुडाशी फट राहते.

कोकण-गोव्यात पावसाळा सोडला तर लाटा बहुधा लहान आणि मऊ. तिथे कमी रॉकर आणि उथळ कॉन्केव्ह पुरतो. जुना बोर्ड घेताना पट्टी आणि आगपेटी सोबत ठेवा. काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते. पट्टीखालून एकच काडी जात असेल तर कॉन्केव्ह उथळ, एकावर एक अशा दोन गेल्या तर मध्यम. मोजमाप नोजपासून एक फुटावर, मध्यावर आणि टेलपासून एक फुटावर घ्या, स्ट्रिंगरच्या दोन्ही बाजूंना. डावी-उजवी जुळत नसेल तर किंमत पाडून मागा.