नागीण, पाठीतले इंजेक्शन आणि हृदय

श्रोतेहो, नमस्कार. नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे अजून गेलेली नाही. वास्तविक कांजिण्यांचाच विषाणू मज्जारज्जूलगत वर्षानुवर्षे दबा धरून बसलेला असतो आणि बहुधा एकाच बाजूच्या नसेच्या वाटेने उठतो, त्यामुळे विळखा सहसा पूर्ण होतच नाही. खरा जाच वेदनेचा. सदरा घासला तरी अंगाची आग होते, आणि वेदना गोळ्यांना दाद देईनाशी झाली की पाठीत एपिड्युरल, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत बधिरतेचे औषध सोडणारे, इंजेक्शन देण्याचा विषय निघतो.

हृदयाचा संबंध येतो तो जागेमुळे. नागीण बहुतेकदा छाती-पाठीवर उठते, म्हणून सुईही त्याच पातळीवर द्यावी लागते. आणि हृदयाचे ठोके वाढवणारे मज्जातंतू छातीच्या वरच्या 4-5 मणक्यांच्या पातळीवरूनच निघतात. बधिरतेचे औषध तेथवर पसरले, तर दुखऱ्या नसेबरोबर हे तंतूही तात्पुरते बधिर होतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि तो सावरण्यासाठी जी नाडी जलद व्हायला हवी तीच मंदावते. तरुण शरीर हे बहुधा निभावून नेते; बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी औषधे) घेणाऱ्या किंवा हृदयाची झडप अरुंद झालेल्या वृद्धाला ते जड जाऊ शकते. म्हणून हाताला सलाईन, समोर ईसीजीचा मॉनिटर आणि जवळ भूलतज्ज्ञ, एवढी तयारी नसेल तेथे हे इंजेक्शन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्युपिवाकेनसारखे बधिरतेचे औषध चुकून रक्तवाहिनीत गेले, तर हृदयाची लय बिघडू शकते. जीभ बधिर वाटणे, तोंडाला धातूची चव येणे, कानांत आवाज येणे ही त्याची पूर्वसूचना असू शकते. रुग्णाने संकोच न करता ती तत्क्षणी सांगावी.

एवढे करून लाभ किती? नेदरलँड्समध्ये 598 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा एका इंजेक्शनाने पहिल्या महिन्यात वेदना थोडी कमी झाली, दीर्घकाळ रेंगाळणारे दुखणे मात्र टळले नाही. तेव्हा हृदयरुग्णाने पुरळ दिसताच, शक्यतो 72 तासांच्या आत, विषाणूविरोधी गोळ्या सुरू करून घेणे अधिक शहाणपणाचे. इंजेक्शन ठरलेच, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्याचे आधी सांगावे, कारण कण्यात रक्तस्राव होण्याचे भय असते. मात्र स्टेंट बसवलेल्याने त्या स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नयेत, किती दिवस थांबवायच्या हे हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनाच ठरवू द्यावे.