मस्कतचं घर, सलालाचा पाऊस

श्रोतेहो, नमस्कार.

आखाती देशात राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरी गेलात, तर माळ्यावर किंवा पलंगाखाली टीव्हीचं, मिक्सरचं रिकामं खोकं जपून ठेवलेलं दिसेल. परत जाताना सामान बांधायला उपयोगी पडेल म्हणून. वर्षं उलटतात, तरी खोकी तशीच असतात. अमेरिकेत गेलेली माणसं घर घेतात, पुढेमागे तिथली नागरिकही होतात. ओमानमध्ये आमचं तसं नाही. राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी संपली की गाशा गुंडाळायचा, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. म्हणून पुष्कळ जोडपी मस्कतमध्ये दहा-पंधरा वर्षं काढतात, पण ऑफिस, मस्कतच्या रुवी भागातली दुकानं आणि विमानतळ यापलीकडचा ओमान त्यांना माहीतच नसतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. जिथे आपण थोड्याच दिवसांचे आहोत, तो देश तर अधिकच मन लावून बघायला हवा. आज मला एवढंच सांगायचंय.

आम्ही दोघं मस्कतला राहतो. माझं माहेर दापोलीजवळचं, सासर धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं. आमचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो. 2013 सालापासून ओमानात शुक्रवार-शनिवार सुटी असते. घड्याळ भारताच्या दीड तास मागे, त्यामुळे आम्ही सकाळचा चहा घेतो तेव्हा गावाकडची कामं निम्मी उरकलेली असतात. मत्राहच्या मासळीबाजारात ताजी सुरमई मिळते, रुवीत हिंगापासून शेवग्यापर्यंत सगळं मिळतं. पोटाचे हाल मुळीच होत नाहीत.

आमचं राहणं खरं बदललं ते गाडी चालवण्याचा परवाना मिळाल्यावर. ओमानमध्ये ही परीक्षा मोठी मानली जाते. पिंपांच्या मधून गाडी उलटी नेऊन नेमकी उभी करायची, मग चढावर थांबवून पुढे काढायची, मग पोलीस अधिकारी शेजारी बसलेले असताना रस्त्यावर चालवून दाखवायची. ओळखीच्या घरी कुणी पास झालं की पेढे वाटतात. परवाना हाती आला आणि आमचे शुक्रवार मोकळे झाले. तरीही या देशाकडे नीट बघायला आम्हाला शिकवलं ते घरून आलेल्या मोठ्या माणसांनी.

माझे सासरे, नाना, आले ते हिवाळ्यात. आयुष्यभर शेती केलेला माणूस. मस्कतची भव्य मशीद त्यांनी आदराने पाहिली, समुद्रकाठी फिरले, पण तिसऱ्या दिवशी विचारलं, "इथले शेतकरी कुठे असतात?" मग शुक्रवारी पहाटे निघून आम्ही त्यांना ओमानच्या आतल्या भागातल्या निझवाला नेलं. तिथे किल्ल्याजवळ शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो. घेणारे गोल करून उभे राहतात, विकणारे जनावर दोरीला धरून त्या गोलातून फिरवत किंमत पुकारतात. बाजार लवकर आटोपतो. नानांना भाषेचं अक्षर कळत नव्हतं, पण दात कसे तपासतात, पाठीवर हात कसा फिरवतात, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेजारच्या एका ओमानी आजोबांनी त्यांच्या हातात बकरीची दोरी दिली, आणि पुढचा बराच वेळ दोघं खुणांनी बोलत होते.

तिथून आम्ही फलज दारिसवर गेलो. फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं किंवा जमिनीखालचं पाणी उताराउताराने गावापर्यंत आणणारा पाट. ना पंप, ना मोटार. ओमानात असे हजारो पाट आहेत, त्यातले पाच 2006 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, दारिस त्यातला एक. पाणी गावात शिरतं तिथे आधी पिण्यासाठी, त्याच्या खाली अंघोळीसाठी, आणि मग खजुराच्या बागांना. प्रत्येक कुटुंबाची पाण्याची पाळी ठरलेली. पूर्वी ती दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजत.

नाना पाटात पाय सोडून बसले आणि म्हणाले, "हाई ते आपलंच शे."

ते खरंच होतं. साक्रीकडे पांझरा नदीवर फड पद्धत आहे. नदीवर छोटे बंधारे, त्यातून निघणारे पाट, फडात, म्हणजे शेतांच्या एका सलग पट्ट्यात, कुठलं पीक घ्यायचं ते शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचं, आणि पाणी द्यायला पाटकरी, बारेकरी. शेकडो वर्षं गावांनी हे आपलं आपण चालवलं. मी त्या घरची सून, पण फडाबद्दल नाना इतकं सविस्तर बोलले ते निझवात. घरी कधी विषयच निघाला नव्हता. नवराही शेजारी बसून पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत होता.

आईची गोष्ट वेगळी. ती आली ती जुलैमध्ये. मस्कतचा जुलै म्हणजे चाळिशीच्या वरचं तापमान. उन्हाळ्यात तिथे उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांना दुपारी साडेबारा ते साडेतीन सक्तीची सुटी असते. आईला खिडकीतून ते उन्हातले रस्ते बघवेनात. आम्ही तिला घेऊन दक्षिण ओमानातल्या सलालाला निघालो. हजार किलोमीटरचा रस्ता. निझवा, आदम, हैमा, मग थुमरैत. मधे तासन्‌तास सपाट वाळवंट. आई गप्पच झाली होती. थुमरैत सोडलं, डोंगराची धार आली आणि गाडी एकदम धुक्यात शिरली. बाहेर हिरवंगार गवत, भुरभुर पाऊस, आणि त्या गवतात चरणारे उंट.

हा आपलाच नैऋत्य मोसमी वारा. कोकणात तो धो धो कोसळतो. सलालाच्या किनाऱ्यावर मात्र त्या दिवसांत समुद्रातलं थंड पाणी खालून वर येतं, वरची दमट हवा गारठते आणि तिथल्या धोफार प्रांताच्या डोंगरांना अडून धुकं आणि रिमझिम होते. या मोसमाला तिथे खरीफ म्हणतात. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सगळा आखात तिकडे लोटतो, लोक सहकुटुंब पावसात चटया टाकून बसतात. छत्री उघडत नाहीत, कारण भिजायलाच आलेले असतात. रस्त्याकडेला शहाळी आणि केळी विकणाऱ्या टपऱ्या. आईने शहाळं प्यायलं, मलईही काढून घेतली, आणि त्या मुलाला मराठीतच सांगितलं की बाबा, शहाळं चांगलं निवडलंस. त्यालाही ते कळल्यासारखं वाटलं. दरबातचा धबधबा बघताना ती माझ्या बाबांबद्दल बोलायला लागली. बाबा गेल्यापासून तिने इतकं कधीच सांगितलं नव्हतं.

इथे एक सांगायलाच हवं. मी बोलते आहे ते आमच्यासारख्या, घरच्यांना बोलावता येणाऱ्या माणसांबद्दल. मस्कत ज्यांनी बांधलं, ते मजूर लेबर कॅम्पात राहतात आणि वर्षादोन वर्षांनी एकदा गावी जातात. त्यांच्या आयांना सलाला दिसत नाही. नाना ज्या पुलावरून निझवाला गेले, तो बांधणाऱ्यांत कुणाचे तरी मुलगे होते, हे आम्ही विसरत नाही.

पण ज्यांना शक्य आहे, त्यांनी आईवडिलांना नुसतं मॉलमध्ये फिरवू नये. त्यांना जे कळतं, ते जिथे आहे तिथे न्यावं. मासे कळणाऱ्याला मत्राहला, होड्या कळणाऱ्याला सूरला. सूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मलबारच्या सागवानाची गलबतं बांधली गेली. वेळासची कासवं पाहिलेल्यांना रास अल जिंझला न्यावं, तिथे रात्री हिरवी समुद्रकासवं अंडी घालायला वर येतात.

नाना आता साक्रीला आहेत. फोनवर आमची ख्यालीखुशाली दोन वाक्यांत संपते आणि मग फलज सुरू होतो. पाट फुटला तर दुरुस्तीचा पैसा कोण देतं, हे त्यांनी विचारलं. आम्ही निझवात जाऊन विचारलं तेव्हा कळलं, की काही पाळ्यांचा लिलाव होतो आणि तो पैसा दुरुस्तीला जातो. आता त्यांचा पुढचा प्रश्न आलाय. दुष्काळात कुणाची पाळी आधी कापतात? पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं परत निझवाला निघालोय.