आधी मुळं बघा

मंडळी, मक्याचं कोवळं रोप जांभळट दिसायला लागलं की आपण लगेच म्हणतो, स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं. माती तपासावी तर स्फुरद भरपूर निघतं. मग रोप उपाशी का? माझा आग्रह असा, की खताच्या पिशवीला हात घालण्याआधी ते रोप मातीसकट खणून काढा, मुळं धुवा आणि नीट बघा. थंडीनंही पानं जांभळी होतात, ओल साचूनही होतात. पण मुळं आखूड, टोकाशी सुजल्यासारखी आणि बाजूच्या मुळ्या फुटलेल्याच नाहीत, असं दिसलं तर आधी तणनाशकाचा संशय घ्या.

पेंडीमिथॅलिन हे तणनाशक पेशींचं विभाजन थांबवतं. उगवणाऱ्या तणाचं मूळ त्यामुळे खुंटतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. पण बी उथळ पडलं, किंवा हलक्या जमिनीत पेरणीनंतर जोराचा पाऊस झाला, तर औषध पिकाच्या मुळांनाही गाठतं. नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळाशी येतं. स्फुरदाचं तसं नाही. ते मातीच्या कणांना धरून बसतं, फार तर काही मिलिमीटर सरकतं. मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. म्हणून मूळ खुंटलं की शेजारी स्फुरद असूनही रोपाला मिळत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. जमिनीतलं अन्न तणनाशकाचं काम बदलतं. ग्लायफोसेट हे तणनाशक पानातून शिरतं आणि पानात तयार झालेल्या साखरेबरोबर शेंड्यांकडे, मुळांकडे जातं. नत्राअभावी वाढ मंदावलेल्या तणात ही वाहतूकच मंदावते, आणि तण पुरतं मरत नाही. अशा वेळी औषधाला नावं ठेवली जातात.

१९७४ पासून बाजारात असलेल्या या ग्लायफोसेटचा आणखी एक गुण फार महत्त्वाचा आहे. ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त यांना चिकटतं. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात कालवलं तर पंपातच त्याचा जोर कमी होतो. म्हणून आधी पाण्यात अमोनियम सल्फेट विरघळवतात, सल्फेट कॅल्शियमला अडकवून ठेवतं. जमिनीवर पडल्यावर ग्लायफोसेट लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर जाऊन बसतं. स्फुरदालाही त्याच जागा लागतात. त्यामुळे काही जमिनींत वरून भरपूर स्फुरद दिलं तर आधी बांधलं गेलेलं ग्लायफोसेट सुटून पुन्हा मुळांच्या वाटेला येऊ शकतं.

सल्फोनिलयुरिया गटातली तणनाशकं आम्लधर्मी जमिनीत लवकर विघटित होतात आणि सामू (पीएच) जास्त असलेल्या जमिनीत रेंगाळतात. त्यातल्याच क्लोरसल्फ्युरॉनमुळे गव्हाची जस्त उचलण्याची ताकद घटल्याचं आढळलं आहे. सामू जास्त असलेल्या चुनखडीच्या जमिनीत जस्त आधीच दुर्मीळ असतं, तिथे हे दुहेरी नुकसान.

आता पुन्हा त्या जांभळ्या मक्याकडे येऊ. मुळं खुंटलेली असताना आणखी स्फुरद ओतलं तर भूक भागत नाहीच, उलट जादा स्फुरदानं जस्ताचं शोषणही घटतं. वरच्या मातीतल्या तणनाशकाच्या थराखाली नव्या मुळ्या उतरल्या की रोप बहुधा सावरतं. तेवढे दिवस थांबा, आणि आठवड्यानं पुन्हा एक रोप खणून बघा.