उत्तर सेंटिनल आणि नारळाची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार. आपली मराठी माणसं अंदमानला जातात ती सेल्युलर जेल बघायला, सावरकरांच्या कोठडीपुढं हात जोडायला. त्याच पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, पश्चिमेला साधारण ५० किलोमीटरवर उत्तर सेंटिनल बेट आहे. साठेक चौरस किलोमीटरचं, दाट जंगलाचं. तिथं सेंटिनली नावाचे आदिवासी राहतात. शिकार, मासेमारी, मध, कंदमुळं यांवर त्यांचं भागतं. एक मात्र ध्यानात ठेवा, या बेटावर नारळ होत नाही.

बाहेरचा माणूस दिसला की ते धनुष्य उचलतात. का उचलू नये? १८८० मध्ये पोर्टमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथून एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं उचलून नेली. जोडपं आजारी पडून दगावलं. मुलांच्या हाती भेटवस्तू देऊन त्यांना परत सोडलं. झाली सरकारी भरपाई!

आता मला सांगायचीय ती गोष्ट. ४ जानेवारी १९९१. मानववंशशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय सहकाऱ्यांबरोबर छोट्या होडीतून बेटाजवळ गेल्या. पथकानं पाण्यात नारळ सोडायला सुरुवात केली. आपण नारळी पौर्णिमेला सोडतो ना, तसेच. किनाऱ्यावरचे पुरुष आधी नुसते बघत राहिले, मग पाण्यात उतरले आणि नारळ गोळा करू लागले. बायका-मुलं लांब उभी. नारळ संपले तशी होडी जहाजाकडं गेली आणि आणखी नारळ घेऊन परत आली. तेवढ्यात एका तरुणानं मधुमालाबाईंवरच बाण रोखला. त्या हलल्या नाहीत. ओंगी, म्हणजे अंदमानातल्याच दुसऱ्या एका जमातीच्या, भाषेत ‘या, घेऊन जा’ म्हणून बोलावत राहिल्या. तो बाण सोडणार, इतक्यात शेजारच्या एका सेंटिनली बाईनं त्याला ढकललं. बाण पाण्यात! बाईनं ढकललं, हं, पथकातल्या कुणी नाही. मग मधुमालाबाईंनीही पाण्यात उतरून हातोहात नारळ दिले.

फेब्रुवारीत पथक पुन्हा गेलं, तेव्हा सेंटिनली हत्यारांशिवाय आले. होडीत चढून नारळ घेतलेच, वर पोलिसाची बंदूकही ओढू लागले. लोखंड उपयोगी पडतं त्यांना!

इतकं जमलं असताना सरकारनं पुढं या भेटी बंद केल्या. मला विचाराल तर उत्तम केलं. आपला साधा सर्दी-ताप त्यांना झेपणार नाही. अंदमानातल्याच ग्रेट अंदमानी जमातीत गोवरानं माणसं पटापटा गेली होती. २००४ च्या सुनामीनंतर तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर बघायला गेलं, तर खालून एकानं त्याच्यावरच बाण रोखला. म्हणजे मंडळी सुखरूप होती.

आज बेटाभोवती पाच सागरी मैलांपर्यंत जायला बंदी आहे. तेव्हा सहलीत कुणी ‘जवळून बेट दाखवतो’ म्हणालाच, तर त्याला पैसे देऊ नका. नमस्कार.