वैनगंगेच्या फुगवट्यात शीड आणि बॅटरी

भंडारा जिल्ह्यातलं पवनी. इथून जवळच गोसेखुर्दच्या धरणानं वैनगंगा अडवली आहे. पायाभरणी १९८८ सालची. मागं पसरलेल्या फुगवट्यात ढीवर बांधव डोंग्यातून जाळी टाकतात. आज घाटाला एक वेगळी नाव लागली आहे. दोन अरुंद नावा शेजारी शेजारी, वर फळ्या टाकून जोडलेल्या, मधोमध शीड. मागच्या आडव्या दांडीला विजेवर चालणारी आउटबोर्ड मोटार.

इथल्या एका ढीवर काकाजींचा पहिलाच प्रश्न : "एका चार्जात कितीक दूर जाते जी?"

काकाजी, ते तुम्ही किती जोरानं हाकता त्यावर आहे.

बॅटरी २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची. म्हणजे २,५६० वॅट-तास. थोडी शिल्लक राखायची, म्हणून २,००० धरू. वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. समजा, ताशी ४ किलोमीटरला २५० वॅट लागतात. मग नाव आठ तास चालेल, ३२ किलोमीटर जाईल. हीच नाव ताशी ८ नं पळवली, तर तासाभरात बॅटरी संपेल आणि पल्ला उरेल फक्त ८ किलोमीटर. नाव अरुंद असली की लाट कमी उठते, त्यामुळे हिशेब थोडा सुसह्य होतो. पण सुटका नाही.

वाऱ्यानंही वेग बदलतो. म्हणून पल्ल्याच्या चाचणीत मोटारीचा जोर कायम ठेवून एकदा वाऱ्यासोबत जायचं, एकदा वाऱ्याविरुद्ध यायचं. दोन्ही वेगांची सरासरी धरायची. एकाच बाजूचा आकडा सांगणं म्हणजे फसवणूक.

मध्येच मीटरवरचे वॅट चढतात, वेग मात्र पडतो. मोटार तिरपी करून वर घेतली, तर पंख्याला जलपर्णीची काळी, केसाळ मुळं गच्च गुंडाळलेली. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानेतून इथं येतं. त्यावरच ही पोसते. कंपनीच्या कागदावरचा पल्ला या पाण्यात मोजलेला नसतो.

वारा अगदी मंद असला तरी शीड उतरवू नये, असं आमचं ठाम मत आहे. शिडानं थोडी ओढ घेतली की तेवढ्याच वेगाला मोटार कमी जोरावर भागते, आणि पल्ल्यात खरी भर तिथंच पडते.

चार्जिंग रात्री किंवा पहाटे. ही लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असं सांगतात. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी तेवढं तर सावलीतच होतं.

आणि हे सगळं मोजमाप रिकाम्या नावेचं. अशा जोडनावा वजनानं लवकर दबतात. पुढची फेरी ओली जाळी, मासळीच्या टोपल्या आणि दोन माणसं घेऊन. सुकाणूवर काकाजी.