खरखरीत अक्षराचं मूळ

खरखरीत फॉन्टमधलं एखादं अक्षर जवळून पाहा. जाडजूड, सरळसोट, टोकांना सेरिफ, म्हणजे बारीक आडवे पाय, नाहीत. शाई मात्र सगळीकडे सारखी बसलेली नाही. पोटात पांढरे ठिपके राहिलेत, एका कडेचा टवका उडालाय. असे खरखरीत सॅन्स सेरिफ, म्हणजे बिनसेरिफचे, फॉन्ट आज संगणकावर तयार मिळतात. त्यांचं हे रूप लाकडाकडून आलंय.

एकोणिसाव्या शतकात भिंतीवर चिकटवायच्या जाहिराती मोठ्या होत गेल्या. एवढं थोरलं अक्षर धातूत ओतलं की ते जड व्हायचं, महाग पडायचं, आणि निवताना त्याचा माथा खोलगट व्हायचा. १८२७मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सनं यंत्रावर लाकडी अक्षरं कोरायला सुरुवात केली. १८३४मध्ये विल्यम लेव्हनवर्थनं त्या यंत्राला पँटोग्राफ, म्हणजे नमुना गिरवून त्याची लहानमोठी नक्कल काढणारं साधन, जोडला, आणि एकाच नमुन्यावरून हव्या त्या मापाचं अक्षर निघू लागलं. लाकूड बहुधा मेपलचं, खोडाच्या आडव्या छेदाचं. त्यावर बारीक कोरकाम स्वच्छ उतरतं, आणि यंत्राचा दाबही ते सोसतं.

तरी लाकूड झिजतंच. ठसे एकमेकांवर आपटतात, कडा बोथटतात. एखादा ठसा केसभर खाली बसला की तिथे शाई कमी लागते. छापणारा मग त्याच्याखाली कागदाची पट्टी सरकवून उंची साधतो. ती खरखर म्हणजे अक्षर किती राबलं, याची खूण आहे. तिच्याकडे निव्वळ नक्षी म्हणून पाहणं मला पटत नाही.

१९६८. अमेरिकेतलं मेम्फिस शहर. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगारांचा मृत्यू झाला आणि सुमारे तेराशे कामगार संपावर गेले. बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. त्यांच्या हातातल्या फलकांवर जाड सॅन्स सेरिफ अक्षरांत चारच शब्द होते: ‘आय ॲम अ मॅन’. मी माणूस आहे. ‘ॲम’खाली एक रेघ. ज्यांना म्हातारपणीही ‘बॉय’ म्हणून हाक मारली जायची, त्यांचे हे शब्द. नाजूक, वळणदार अक्षरात ते मला कल्पनेतही दिसत नाहीत.

अशा फॉन्टची जागा इथेच आहे: पोस्टर, फलक, मुखपृष्ठ, चित्रपटाचं नाव. शब्द मोजके, आकार मोठा. लहान मापात ठिपके बुजतात आणि अक्षर नुसतं मळकट दिसतं. त्यामुळे मजकुराला शेजारी स्वच्छ फॉन्ट हवा. आणखी एक अडचण आहे. एकाच शब्दात दोन ‘म’ आले आणि दोघांवर तोच ओरखडा दिसला, की नक्कल लगेच उघडी पडते. चांगले फॉन्टकार म्हणून एकेका अक्षराची दोन-तीन रूपं देतात आणि ती आपोआप आलटूनपालटून येतील अशी सोय करतात.

देवनागरीत तर जास्तच जपावं लागतं. रोमन अक्षराचा टवका गेला तरी अक्षर ओळखता येतं. इथे ‘रंग’वरचा अनुस्वार ओरखड्यानं खाल्ला की ‘रग’ उरते. उलट, भलत्या जागी पडलेला शाईचा ठिपका अनुस्वार म्हणून वाचला जातो. शिरोरेषा जागोजागी तुटली की एका शब्दाचे दोन वाटतात. तेव्हा खरखर द्यायची ती जाड दांड्यांच्या पोटात. अनुस्वार, रफार आणि शिरोरेषेचे सांधे शाबूत ठेवायचे.