प्रभूचे मेज आणि मंडळ्यांचे ऐक्य

बंधुभगिनींनो, 'त्या सर्वांनी एक व्हावे' ही योहानकृत शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायातील प्रार्थना ऐक्याच्या प्रत्येक सभेत वाचली जाते. ती प्रभूने वधस्तंभाच्या आदल्या रात्री, शिष्यांसोबतचे भोजन आटोपल्यावर केली, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. मंडळ्यांच्या ऐक्याचा विचार मी आज त्या मेजापासूनच, म्हणजे प्रभुभोजनापासूनच, करणार आहे, कारण आपली फाटाफूट तिथेच सर्वाधिक बोचते.

1529 साली जर्मनीतील मारबुर्ग येथे जर्मन धर्मसुधारक लूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली प्रभुभोजनाच्या वादावर समोरासमोर बसले. लूथरने मेजावर खडूने 'हे माझे शरीर आहे' हे प्रभूचे शब्द लॅटिनमध्ये लिहून ठेवले होते आणि वाद रंगात आल्यावर त्यांवरचे आच्छादन दूर करून त्याने त्यांवरच बोट ठेवले. 15 कलमांपैकी 14 कलमांवर एकमत झाले. 15व्यातही पुष्कळ मान्य झाले, फक्त ख्रिस्ताचे शरीर व रक्त भाकरीत आणि द्राक्षारसात देहरूपाने असते काय, एवढाच प्रश्न उरला. तेवढ्यावरून दोन्ही पक्ष कित्येक शतके दुरावले. 1973 च्या लॉयनबर्ग करारात युरोपातील लूथरन आणि रिफॉर्म्ड (झ्विंग्ली व कॅल्व्हिन यांच्या परंपरेतील) मंडळ्यांनी जुने निषेध एकमेकांच्या आजच्या शिकवणीला लागू पडत नाहीत असे जाहीर केले आणि प्रभुभोजनाची सहभागिता स्वीकारली. आपापले विश्वासमत कोणीही सोडले नाही, हे मला या कराराचे सर्वांत मोठे यश वाटते.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभांशी हा प्रश्न अजून सुटलेला नाही. या दोन ख्रिस्तसभांनी 1054 साली एकमेकींवर घातलेले बहिष्कार 1965 मध्ये मागे घेतले गेले, तरी मेज एक झाले नाही. योग्य रीतीने बाप्तिस्मा घेतलेला विश्वासी कॅथलिक ख्रिस्तसभेशी, अपूर्ण का होईना, सहभागितेत आहे, असे कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये म्हटले. बाप्तिस्म्याने जोडलेल्यांना मेजावर वेगळे बसावे लागते, हे दुःख आपण सवयीने बोथट होऊ देऊ नये.

परंतु सगळाच दुरावा पंथभेदातून येत नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमेतील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही यहूदी माणसे आल्यावर मात्र तो भिऊन मागे सरला, आणि पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. पेत्राचे मत बदलले नव्हते, शेजारी कोण बसले आहे याचीच त्याला भीती वाटली. करिंथमध्येही प्रभुभोजनाच्या वेळी एक जण भुकेला राहत होता आणि दुसरा पिऊन मस्त होत होता. तिथे तर सर्वांची मंडळी एकच होती. म्हणून, पंथांच्या वाटाघाटी पूर्ण होण्याची वाट न पाहता, आपल्या मंडळीत कोणाच्या शेजारी बसायचे आपण टाळतो, हे प्रत्येकाने या आठवड्यात तपासून पाहावे, अशी माझी विनंती आहे.